वानोळा

भाद्रपद लागला, की मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून एक गमतीचा प्रकार दिसू लागतो. आषाढात परसात टोचलेले दोडक्याचे, भोपळ्याचे आणि कारल्याचे वेल तोपर्यंत कुंपणावर, गोठ्याच्या छपरावर आणि माळवदावर चढलेले असतात. पहिला दोडका दिसला, तेव्हा घरातील सर्वांनी त्याचे कौतुक केलेले असते. आता मात्र रोज सकाळी पाहावे, तो पानांआड आणखी चार दोडके लोंबत असतात. भेंडी एक दिवस तोडावयाची राहिली, तर जून होते. गवारीच्या शेंगा खुडता खुडता बोटे दुखू लागतात. आई ताटात दोडक्याची भाजी वाढते आणि मुले विचारतात, "आज पुन्हा दोडकाच का?"

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न ऐकू येत असेल. नांदेड किंवा लातूर शहरात राहणाऱ्या मुलांच्या घरी परस नसेल. पण गच्चीवरील कुंड्यांत टोमॅटो किंवा मेथी असेल. शाळेच्या परसबागेत तुम्हीही भाजी लावत असाल. तेथेही असेच होते. आरंभी काहीच नसते, आणि नंतर एकदम इतके येते, की काय करावे ते सुचत नाही.

अधिक झालेल्या भाजीचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. परंतु आपल्या वाडवडिलांनी त्याचा फार बारकाईने विचार केला होता. त्या विचारामागे केवळ काटकसर नव्हती. आपला मुलूख, आपला पाऊस आणि आपले शेजारी यांची जाणीव त्यात होती. ती जाणीव समजून घेणे, हा या पाठाचा हेतू आहे.

प्रथम, भाजी अशी एकदम का येते, ते पाहू. वेलीला फळ येते ते आपल्या ताटासाठी नव्हे, तर तिच्या बियांसाठी. फळ पिकून बी तयार झाले, की वेलीचे काम संपत येते आणि तिचा बहर ओसरू लागतो. आपण कोवळे फळ तोडून घेतो, तेव्हा वेलीचे काम अपुरे राहते. म्हणून ती पुन्हा फुलते आणि पुन्हा फळते. नियमाने तोडणाऱ्याच्या परसात भाजी अधिक येते, याचे कारण हेच होय. दुसरे कारण आपल्या हातचे असते. पहिला पाऊस पडला, की आपण उत्साहाने सगळे बी एकाच दिवशी टाकतो. जे एका दिवशी पेरले, ते एकाच सुमारास तयार होते. मेथी तीन-चार आठवड्यांत काढणीस येते. चार वाफे एकाच दिवशी पेरले, तर चारही वाफ्यांतील मेथी एकाच आठवड्यात खावी लागेल. तेच वाफे आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरले, तर महिनाभर ताजी भाजी मिळेल. तेव्हा भाजी वाया जाऊ न देण्याचा पहिला उपाय काढणीच्या दिवशी नव्हे, तर पेरणीच्या दिवशीच करावयाचा असतो.

आता कोणी म्हणेल, "दोन दोडके उकिरड्यावर गेले, तर असे काय बिघडले? ते फुकटच तर आले होते!" या प्रश्नाचे उत्तर लातूरच्या रेल्वे स्थानकावर मिळते. सन २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी पुरवणारे साठे आटले. पिण्याला पाणी उरले नाही. तेव्हा सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असलेल्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पाण्याची पहिली गाडी लातुरात आली. तिला दहा वाघिणी होत्या व त्यांत सुमारे पाच लाख लीटर पाणी होते. या गाडीला लोक 'जलदूत' म्हणू लागले. त्यानंतर काही महिने अशा गाड्या येत राहिल्या. ज्या शहराने हे पाहिले आहे, त्या शहरातील मुलांना पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको.

भाजी म्हणजे तरी काय? शंभर ग्रॅम काकडीत सुमारे पंच्याण्णव ग्रॅम पाणी असते. दोडका, दुधी भोपळा, टोमॅटो, वांगी या सर्वांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. आणि हे झाले केवळ फळात उरलेले पाणी. झाड मुळांनी जेवढे पाणी शोषते, त्यातील पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक पाणी पानांवाटे वाफ होऊन उडून जाते. म्हणजे एक दोडका तयार होण्यासाठी त्याच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी खर्ची पडलेले असते. कोणी ते आडातून शेंदले असेल, कोणी न्हाणीचे पाणी वाफ्याकडे वळवले असेल. तो दोडका आपण उकिरड्यावर टाकतो, तेव्हा ते सारे पाणी आणि ते सारे श्रमही टाकून देतो. परसातील भाजी विकत घ्यावी लागली नाही, म्हणून ती फुकट ठरत नाही.

मग करावे काय? आपल्याकडील जुनी माणसे याचे उत्तर एका शब्दात देतात. तो शब्द म्हणजे वानोळा. आपल्या रानात किंवा परसात जे नवे पिकले, त्यातील थोडे शेजाऱ्यापाजाऱ्यांना, आप्तेष्टांना नेऊन द्यावयाचे, याला वानोळा म्हणतात. कोणी यास वानवळा असेही म्हणतात. वानोळ्याचे पैसे घ्यावयाचे नसतात, आणि तो भीक म्हणूनही द्यावयाचा नसतो. ज्याच्या घरी वानोळा जातो, तो ते भांडे रिकामे परत करत नाही. चार मिरच्या, मूठभर शेंगदाणे, काही नसेल तर चिमूटभर साखर, असे काहीतरी त्यात घालूनच ते परत येते. यामुळे एकाच्या परसातील दोडका आणि दुसऱ्याच्या परसातील शेवगा दोघांच्याही ताटात येतो. एका घरची अडचण चार घरांचे सुख होते.

परंतु वानोळा देणे ही आपले ओझे दुसऱ्याच्या दारात टाकण्याची युक्ती नव्हे. ही गोष्ट मला माझ्या विद्यार्थ्यांकडूनच नीट कळली. मी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेच्या परसबागेत एके वर्षी दोडका फार आला. शालेय पोषण आहाराच्या खिचडीत व आमटीत घालूनही तो उरू लागला. तेव्हा सातवीच्या मुलांनी ठरवले, की गावातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दारी रोज दोन-दोन दोडके ठेवावयाचे. बेत चांगला होता. चौथ्या दिवशी एक मुलगी हिरमुसली होऊन माझ्याकडे आली. एका आजींच्या ओट्यावर तीन दिवसांचे सहा दोडके तसेच पडून सुकले होते. मुलांना वाटले, आजींना आपल्या भाजीची किंमत नाही. मी त्यांना आजींच्या घरी घेऊन गेलो. आजी म्हणाल्या, "बाळांनो, तुमचं मन मोठं. पण माझ्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही, दोडक्याच्या शिरा काढता येत नाहीत. अन् दात नाहीत, तवा शिरा राहिल्या तर चावत नाहीत. टाकून द्यायला जीव होत नव्हता, म्हणून तसेच ठेवले."

मुले गप्प झाली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपला क्रम बदलला. प्रथम विचारावयाचे, मग द्यावयाचे. त्या आजींना ती दोडके सोलून व चिरून देऊ लागली. एका आजोबांना भाजी नकोच होती. शाळेतील मुलांनी घटकाभर येऊन वर्तमानपत्र वाचून दाखवावे, एवढेच त्यांना हवे होते. मुलांनी तेही केले. देणाऱ्याने घेणाऱ्याची अडचण जाणून घेतली, तरच देणे पुरे होते. हा धडा त्या वर्षी आमच्या दोडक्याच्या वेलाने शिकवला.

शेजारीपाजारी देऊनही भाजी उरली, तर ती पुढील दिवसांसाठी राखून ठेवावी. याचा सर्वांत जुना व सोपा मार्ग म्हणजे वाळवण. मराठवाड्याचे ऊन कडक आणि जुन्या घरांची माळवदे सपाट. पाऊस उघडला, की या माळवदांवर गवारीच्या शेंगा, वांग्याच्या फोडी, कारल्याच्या चकत्या, मेथी, अंबाडी यांची वाळवणे पडत. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवीत. ही वाळवलेली भाजी गाडग्यांत भरून ती गाडगी उतरंडीत ठेवीत. उन्हाळ्यात हिरवे पान दिसेनासे झाले, की उतरंड कामास येई.

या वाळवणाची माझी एक आठवण आहे. ती सांगताना आजही मला संकोच वाटतो. माझे गाव नांदेड जिल्ह्यातील कंधार तालुक्यात. सन १९७१ मध्ये मी तुमच्याएवढा, अकरा वर्षांचा होतो. त्या वर्षी आमच्या परसात गवार फार आली. शाळेतून आल्यावर शेंगांची देठे मोडून त्या माळवदावर पसरावयाच्या आणि दिवस मावळण्यापूर्वी गोळा करावयाच्या, हे काम आजीने मला नेमून दिले होते. बाहेर मित्र विटीदांडू खेळत असत. एके दिवशी मी कंटाळलो आणि दोन टोपल्या भरून शेंगा कोणी पाहत नाही असे पाहून उकिरड्यावर ओतल्या व खेळावयास गेलो.

सायंकाळी आजी शेण टाकावयास गेली, तेव्हा तिला त्या दिसल्या. वरवरच्या स्वच्छ शेंगा तिने वेचून आणल्या. बाकीच्या शेणात कालवल्या गेल्या होत्या. ती मला रागे भरली नाही. एवढेच म्हणाली, "लेकरा, कंटाळा आला होता तर गाईपुढं तरी टाकायच्या. दूध तरी झालं असतं."

पुढच्या वर्षी, सन १९७२ मध्ये, पाऊस पडला नाही. महाराष्ट्रातील जुनी माणसे आजही ज्याचे नाव काढतात, तो हा बहात्तरचा दुष्काळ. विहिरी आटल्या, गुरे बाजारात कवडीमोलाने गेली. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. आमच्या परसात त्या वर्षी एकही वेल जगला नाही. त्या दिवसांत आजी उतरंडीतील वाळवलेली गवार काढी. मूठभर शेंगा ती रात्री भिजत घाली आणि सकाळी तिखट-मीठ घालून शिजवी. आठ माणसांच्या भाकरीला तेवढेच कालवण. १९७३ च्या उन्हाळ्यात एके दिवशी तिने शेवटचे गाडगे उपडे केले. त्यातून थोडा चुरा पडला. तिने तो हाताने गोळा केला आणि गाडगे झटकून पुन्हा उतरंडीत ठेवले. त्यानंतर पाऊस येईपर्यंत आम्ही कोरडी भाकरी मिठामिरचीबरोबर खाल्ली. मी मनाशी हिशेब केला. दोन टोपल्या शेंगा वाळल्या असत्या, तर घरातील आठ माणसांना निदान सहा-सात दिवस पुरल्या असत्या. आजीने तो हिशेब मला कधी बोलून दाखवला नाही. मात्र मी तो अजून विसरलो नाही.

वाळवलेली भाजी टिकते का, हे आता शास्त्राच्या दृष्टीने पाहू. अन्न नासते ते डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे व बुरशीमुळे. आपल्याप्रमाणे त्यांनाही जगण्यास पाणी लागते. भाजीतील पाणी काढून टाकले, की त्यांची वाढ थांबते. म्हणूनच दहा किलो ओली भाजी वाळून जेमतेम किलोभर उरते, पण ते किलोभर कित्येक महिने टिकते. गवारीसारख्या शेंगा वाळवण्यापूर्वी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून निथळून घ्याव्यात. त्यामुळे भाजीतील ज्या घटकांमुळे तिचा रंग व चव बिघडते, त्यांचे कार्य थांबते. मेथीसारखी पालेभाजी सावलीत वाळवावी. तिचा हिरवेपणा टिकतो. वर पातळ स्वच्छ कापड घालावे, म्हणजे धूळ व माश्या बसणार नाहीत. दिवस मावळताच वाळवण आत घ्यावे, नाहीतर ते दवाने सादळते. शेंग वाकवली असता कटकन मोडली, म्हणजे ती पुरती वाळली असे समजावे. मग ती कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. पुढे डब्यात बुरशी दिसली, तर मात्र मोह न धरता ती भाजी टाकून द्यावी. वाळवण्यात क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून ताजी भाजी मिळत असताना ताजीच खावी; वाळवण हे अडीअडचणीसाठी आहे.

सूक्ष्म जीवांपासून पाणी दूर ठेवण्याचे आणखीही मार्ग आहेत. मीठ भाजीतील पाणी ओढून घेते. लोणच्याला मीठ भरपूर लागते ते यासाठी. लिंबाच्या आंबटपणात बहुतेक सूक्ष्म जीव वाढत नाहीत, आणि वर तरंगणारे तेल हवेला आत शिरू देत नाही. मिरच्या फार झाल्या, की त्यांना चीर देऊन, मसाला भरून, ताकात बुडवून उन्हात वाळवतात. हीच सांडगी मिरची. कोहळ्याचा कीस आणि वाटलेली उडदाची डाळ यांचे सांडगे घालतात. पक्व कोहळा व लाल भोपळा यांना तर इतकेही करावे लागत नाही. त्यांची साल इतकी टणक असते, की देठासह काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवले, तर ते काही महिने राहतात. निसर्गाने त्यांना बरणी जन्मतःच दिलेली आहे.

हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच आला असे नाही. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाचा एक मिठाईवाला होता. काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट बसवून, त्या बाटल्या उकळत्या पाण्यात पुष्कळ वेळ ठेवल्या, तर आतील अन्न टिकते, असे त्याने अनेक वर्षे प्रयोग करून दाखवले. १८१० साली फ्रान्सच्या सरकारने त्याला बारा हजार फ्रँकचे पारितोषिक दिले. अन्न का टिकते, हे मात्र त्याला सांगता आले नाही. ते पुढे पन्नासएक वर्षांनी लुई पाश्चर या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांमुळे जगाला कळले. आपल्या देशात म्हैसूर येथे १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. तेथेही अन्न टिकवण्याच्या पद्धतींवर संशोधन चालते. एक सूचना येथे आवर्जून करावीशी वाटते. शिजवलेली भाजी बाटलीत बंद करून ठेवण्याचा प्रयोग घरी करू नये. हवा नसलेल्या बाटलीत वाढणारे काही सूक्ष्म जीव प्राणघातक विष निर्माण करतात, आणि साध्या उकळत्या पाण्याने त्यांचे बीज मरत नाही. ते काम कारखान्यातील योग्य यंत्रांनीच व्हावे. आपल्याला ऊन, मीठ आणि लोणच्याची बरणी पुरेशी आहे.

आपल्या मुलखात भरल्या रानाचा एक सणही आहे. मार्गशीर्ष महिन्याच्या अमावास्येला लातूर, धाराशिव आणि नांदेडकडील काही भागांत येळवस साजरी होते. तिला वेळा अमावास्या असेही म्हणतात. शेजारच्या कर्नाटकातही हा सण होतो. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते माणसांनी फुलून जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तेथे पूजा करतात. या दिवसाचे मुख्य पक्वान्न म्हणजे भज्जी. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, वालाचे ओले दाणे, रानातील पालेभाजी, वांगी, गाजर, जे जे त्या वेळी शेतात असेल, ते ते एका भांड्यात एकत्र शिजते. बरोबर ज्वारीच्या पिठाची व ताकाची आंबील आणि बाजरीचे उंडे असतात. ज्यांना शेत नाही, त्यांना शेतकरी आग्रहाने बोलावून नेतात. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्यावाचून पुढे जाऊ देत नाहीत. नीट विचार केला, तर येळवस हा साऱ्या शिवाराचा वानोळाच होय.

नांदेडला हेच दृश्य रोज पाहावयास मिळते. शिखांचे दहावे गुरू श्री गुरू गोविंदसिंहजी यांचे महानिर्वाण १७०८ साली गोदावरीकाठी नांदेड येथे झाले. तेथील तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. त्या ठिकाणी लंगर चालतो. भाविक धान्य आणि भाजीपाला आणून देतात; सेवेकरी भाज्या निवडतात, चिरतात, शिजवतात; आणि जात, धर्म, श्रीमंती न विचारता सर्वांना एका पंगतीत बसवून जेवू घालतात. तेथे शेजारी कोण बसला आहे, हे कोणी पाहत नाही.

या उलट जगात काय घडते? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील निम्म्याहून अधिक अन्न घराघरांतून टाकले गेले होते. हे अन्न कोणा एका मोठ्या अपराध्याने टाकलेले नाही. "एवढ्याने काय होते?" असे म्हणत ज्याने त्याने आपापल्या घरातून थोडे थोडे टाकले. अकरा वर्षांच्या एका मुलानेही एके दिवशी असेच म्हटले होते, हे तुम्ही वाचलेच आहे.

सर्व उपाय करूनही जून भेंड्या, किडकी वांगी, साली व देठे उरणारच. ती गुरांना घालण्याजोगी असतील, तर गुरांना घालावीत. त्यातूनही जे उरेल, त्याचे खत करावे. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे शेतातील टाकाऊ पदार्थांपासून उत्तम खत करण्याची रीत बसवली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर ओळखली जाते. हिरवा पाला, वाळलेला काडीकचरा, शेण व माती यांचे थर द्यावयाचे, ओल राखावयाची आणि मधून मधून ते वरखाली करावयाचे, की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. अशा रीतीने परसातून आलेले परसातच परत जाते.

आणि एक फळ मात्र कोणीही तोडू नये. वेलीवरील सर्वांत निरोगी, सुबक असे एक फळ बियाण्यासाठी राखावे. ते वेलीवरच पिकू द्यावे, वाळू द्यावे, आणि त्याचे बी राखेत घोळून जपून ठेवावे. संकरित बियाण्याच्या रोपांपासून पुढे तसेच फळ येत नाही. म्हणून हे गावठी वाणाच्या बाबतीतच करावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावठी बियाणे जपले, वाढवले आणि इतरांना वाटले. त्या कार्याबद्दल त्यांना २०२० सालचा पद्मश्री हा सन्मान मिळाला. बियाणे वाटणे हा तर वानोळ्यांतील श्रेष्ठ वानोळा. कारण तो घेणाऱ्याच्या परसात दरसाल पुन्हा उगवतो.

तेव्हा मुलांनो, परसात भाजी अधिक झाली, तर हा क्रम लक्षात ठेवा. आधी आपल्या ताटात, मग शेजाऱ्याच्या दारी, मग डब्यात व बरणीत, मग गाईपुढे, आणि अखेरीस खताच्या खड्ड्यात. उकिरडा या यादीत कोठेही नाही.

माझी आजी आता नाही. तिची उतरंडही राहिली नाही. परंतु भाद्रपदात परसातील गवार बहराला आली, की मी आजही माळवदावर जातो, देठे मोडतो आणि शेंगा पसरतो. नातवंडे कंटाळून विचारतात, "आजोबा, बाजारात तर रोज भाजी मिळते, मग हे कशाला?" मी त्यांना काही सांगत नाही. एका टोपलीत थोड्या ताज्या शेंगा भरतो, ती त्यांच्या हाती देतो आणि म्हणतो, "जा, शेजारी वानोळा देऊन या. आणि आधी विचारा, हव्यात का म्हणून."

शब्दार्थ

परस – घरामागील मोकळी जागा. माळवद – लाकूड व माती यांचे सपाट छप्पर. उतरंड – एकावर एक रचलेल्या मातीच्या भांड्यांची रांग. उकिरडा – केरकचरा व शेण टाकण्याची जागा. सादळणे – दमट होणे. कालवण – भाकरीबरोबर खाण्याचा पातळ पदार्थ. कोप – पेंढ्यांची लहान खोपी. शिवार – गावाची शेतजमीन.

स्वाध्याय

१. परसातील भाजी एकदम का येते? लेखकाने सांगितलेली दोन कारणे लिहा.

२. 'परसातील भाजी फुकट नसते,' असे लेखक का म्हणतो? लातूरच्या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.

३. ओट्यावर सुकलेले दोडके पाहून मुलांना प्रथम काय वाटले? खरे कारण काय होते? त्यातून मुले काय शिकली?

४. आजीने लेखकाला हिशेब कधी बोलून दाखवला नाही. तरीही तो लेखकाला का विसरता आला नाही? पाच-सहा ओळींत लिहा.

५. पुढील क्रियांची शास्त्रीय कारणे लिहा : (अ) भाजी वाळवणे (आ) लोणच्यात मीठ घालणे (इ) वाळवण दिवस मावळताच आत घेणे.

६. येळवस आणि लंगर यांत कोणते साम्य आहे?

७. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : खर्ची पडणे, तोंड फिरवणे, जीव न होणे, मोह धरणे.

८. आपल्या घरी आठवड्यात किती भाजी वाया जाते, याची नोंद सात दिवस ठेवा. ती कमी कशी करता येईल, याविषयी घरातील वडील माणसांशी बोला आणि त्यांनी सांगितलेला एक जुना उपाय वर्गात सांगा.